उभी परसबाग : भिंत मोजण्याआधी ऊन मोजा

शहरातील घरांचे क्षेत्रफळ जसजसे आक्रसत गेले, तसतशी परसबाग अंगणातून गच्चीवर, गच्चीवरून गॅलरीत आणि गॅलरीतून खिडकीच्या लोखंडी जाळीत येऊन थांबली. जमिनीवर जागा उरली नाही, तेव्हा भाजी उभ्याने वाढवावी ही कल्पना साहजिकच सुचणारी होती. आडव्या वाफ्याऐवजी एकावर एक रचलेले थर, भिंतीवर टांगलेल्या पिशव्या, छिद्रे पाडलेले प्लॅस्टिकचे पाईप किंवा सुतळीवर चढवलेला वेल, असे तिचे साधारण स्वरूप असते. बाजारात यासाठी तयार चौकटीही मिळतात. त्यांवर छापलेली हिरवीगार छायाचित्रे पाहून अनेक घरांत उत्साहाने खरेदी होते आणि एखाद-दुसऱ्या हंगामानंतर त्याच चौकटीत वाळलेली माती व झाडूचे खराटे दिसू लागतात.

अशा अपयशाचे खापर बहुधा मातीवर, खतावर किंवा ‘आमच्या हाताला गुण नाही’ या समजुतीवर फोडले जाते. वास्तविक बहुतेक वेळा कारण निराळे असते. भिंतीची लांबी-रुंदी मोजली जाते. त्या भिंतीवर ऊन किती तास पडते, कोणत्या महिन्यात पडते आणि कुठपर्यंत पोहोचते, हे कोणी मोजत नाही. उभ्या बागेत जागा वाढवता येते, ऊन वाढवता येत नाही.

हा खटाटोप करावा तरी का, असा प्रश्न रास्त आहे. पालेभाजी हे त्याचे मुख्य उत्तर. कांदा-बटाटा कुठूनही आणून महिनाभर ठेवता येतो. मेथी, माठ, पुदिना यांचा कस मात्र काढणीनंतर काही तासांतच उतरू लागतो. शिवाय मुंबईत रेल्वेरुळांलगतच्या पट्ट्यांत पिकणारी पालेभाजी कोणत्या पाण्यावर वाढते, ही शंका मुंबईकराच्या मनात कित्येक वर्षे घर करून आहे. २०२० च्या टाळेबंदीत वाशीचा घाऊक बाजार काही दिवस बंद राहिला, तेव्हा जुडीभर कोथिंबिरीची किंमत अनेकांना नव्याने कळली. खिडकीतल्या बागेने घराची सगळी भाजीची गरज भागेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. रोजच्या स्वयंपाकातला हिरवा, नाशवंत भाग मात्र ती निश्चित सांभाळू शकते.

उभ्याने पीक घेणे महाराष्ट्राला नवे नाही. नारायणगाव-जुन्नर भागातील टोमॅटो बांबू, तार आणि सुतळीच्या आधाराने उभाच वाढतो, नाशिकची द्राक्षे मांडवावर चढतात, पानमळ्यात नागवेल शेवरीच्या खोडावर चढवण्याची रीत जुनीच आहे. कोकणात आणि घाटावर दोडका, पडवळ, कारली यांचे मांडव घराघरापुढे असत. पाश्चात्त्य देशांत स्टॅन्ली हार्ट व्हाइट या अमेरिकी प्राध्यापकाने वनस्पती धारण करणाऱ्या उभ्या रचनेचे पेटंट १९३८ मध्ये मिळवले आणि पुढे पॅट्रिक ब्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा हिरव्या भिंती जगभर लोकप्रिय केल्या. मोठ्या हॉटेलांत आणि दुकानसंकुलांत दिसतात त्या याच जातीच्या. त्या शोभेसाठी आहेत, त्यांना पंप व सतत झिरपणारे पाणी लागते. घरगुती भाजीसाठी त्यांचे अनुकरण करण्यात अर्थ नाही. आपल्याला मांडवाची परंपराच अधिक उपयोगी आहे.

मुंबईतील शहरी शेतीलाही स्वतःचा इतिहास आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर मातीचा वापर अगदी कमी करून उसाची चिपाडे भरलेल्या पिशव्यांत आणि पिंपांत फळभाज्या घेण्याची पद्धत रूढ केली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच बाग उभी केली. या विचारामागे कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर आणि त्यांचा ‘प्रयोग परिवार’ यांची मोठी प्रेरणा होती. झाडाला मिळणारा सूर्यप्रकाश आणि पानांचा विस्तार यांचा हिशेब मांडल्याखेरीज उत्पन्नाचा हिशेब मांडता येत नाही, हा दाभोलकरांचा आग्रह चार फुटांच्या गॅलरीलाही तितकाच लागू पडतो.

उन्हाचा हिशेब

सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला ऊन गॅलरीत कुठे पडते, ते खडूने खुणा करून नोंदवावे. कोणतेही उपकरण लागत नाही. सहा तास किंवा अधिक ऊन मिळत असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, वेलभाज्या यांचा विचार करावा. तीन-चार तास मिळत असेल तर पालेभाज्यांवर समाधान मानावे. दोन तासांहून कमी असेल तर पुदिना, अळू, नागवेल यांपलीकडे जाऊ नये. समोरच्या इमारतीची पांढरी भिंत परावर्तित प्रकाश देत असेल तर पालेभाज्यांना त्याचाही थोडा हातभार लागतो.

ही नोंद एकदाच करून भागत नाही. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे त्याहून थोडे दक्षिणेला. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ ते ४८ अंश वर असतो आणि दक्षिणेकडे कललेला असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो ७१ अंशांवर येतो. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तो थेट डोक्यावर असतो. ‘शून्य सावली दिवस’ म्हणून शाळकरी मुले काठ्या रोवून जो साजरा करतात, तो हाच. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो.

याचा गॅलरीतील अर्थ समजून घ्यावा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर एक मीटर पुढे आलेला छज्जा आहे असे धरू. डिसेंबरमध्ये भर दुपारी त्याची सावली भिंतीवर सुमारे १.१ मीटर खाली येते; म्हणजे भिंतीचा खालचा बराच भाग उन्हात राहतो. मार्चमध्ये तीच सावली २.९ मीटर खाली उतरते, म्हणजे जमिनीपर्यंत सगळी भिंत सावलीत जाते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत त्या भिंतीला थेट ऊन जवळपास मिळतच नाही. दक्षिणेची गॅलरी ही म्हणूनच दसरा ते शिमगा या काळातली गॅलरी आहे. जानेवारीत तिथे पालक डौलाने वाढला म्हणून एप्रिलमध्ये टोमॅटो लावणाऱ्याची निराशा ठरलेली.

पूर्वेची गॅलरी सर्वांत गुणी. तिला वर्षभर सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारची काहिली चुकते. पश्चिमेला ऊन पुरेसे, पण एप्रिल-मेमध्ये भिंत तापून प्लॅस्टिकच्या पाईपमधील मुळे अक्षरशः शिजतात. उत्तरेकडच्या खिडकीला ऊन मिळते ते नेमके उन्हाळ्याच्या शेवटी आणि मग लगेच पावसाचे ढग येतात. तिथे फळभाजीचा हट्ट धरू नये.

यावर एक सूचना हवीच. गॅलरीला हिरवी शेडनेट लावण्याची सध्या टूम आहे. निम्मे ऊन अडवणारी जाळी ही पश्चिमेच्या गॅलरीला वैशाखापुरती ठीक. जिथे मुळात तीनच तास ऊन येते, तिथे ती लावणे म्हणजे भुकेल्याच्या पानातली अर्धी पोळी काढून घेणे.

ऊन कठड्याशी, भार भिंतीशी

सावलीचे वरचे आकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येईल. छज्ज्याखालच्या किंवा वरच्या गॅलरीखालच्या मागील भिंतीपेक्षा बाहेरच्या कठड्यापाशी ऊन कितीतरी जास्त वेळ राहते. शोभेसाठी बहुतेक लोक चौकट मागच्या भिंतीला लावतात आणि तिथेच चुकतात. झाडांची जागा कठड्याशी आहे.

परंतु वजनाचे शास्त्र याच्या अगदी उलट सांगते. बहुतेक गॅलऱ्या एका बाजूने इमारतीत धरलेल्या आणि दुसऱ्या बाजूने मोकळ्या असतात. अशा स्लॅबच्या मोकळ्या कडेवर ठेवलेला भार सर्वाधिक ताण निर्माण करतो, भिंतीलगतचा भार सर्वांत कमी. ऊन कठड्याकडे बोलावते आणि वजन भिंतीकडे. उभ्या बागेची खरी आखणी हा पेच सोडवण्यातच आहे.

आकडे पाहू. घनफूटभर ओल्या मातीचे वजन ४५ ते ५० किलो भरते. भारतीय मानकानुसार राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो आणि गॅलरीचा सुमारे ३०० किलो वापरभार धरून आखला जातो. त्यात माणसे, कपडे वाळत घालण्याचे स्टँड, जुनी कपाटे सगळेच आले. आता चार फूट लांब, सव्वा फूट रुंद अशी लोखंडी मांडणी घ्या आणि तिच्यावर बारा इंची मातीच्या बारा कुंड्या ठेवा. पाणी घातल्यावर एकेक कुंडी २५ ते ३० किलोंची होते. अर्ध्या चौरस मीटरवर ३०० किलोंहून अधिक भार झाला! नव्या इमारतीतही हे धाडसच. साठ-सत्तरच्या दशकात बांधलेल्या, सळया गंजलेल्या आणि प्लॅस्टर फुगलेल्या गॅलरीत तर ते करूच नये. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घेण्याचे बंधन आहे. तो अहवाल सोसायटीच्या कार्यालयात असतो आणि कुंड्या आणण्यापूर्वी सभासदाने तो पाहण्यास हरकत नसावी.

उपाय दुहेरी आहे. कठड्याच्या आतल्या बाजूला केवळ हलकी रचना ठेवावी : नारळाच्या काथ्याचा भुसा अर्थात कोकोपीट, शेणखत किंवा गांडूळखत यांच्या मिश्रणाने भरलेले पाईप, पन्हळी आणि कापडी पिशव्या. हे मिश्रण ओले असताना लिटरला साधारण किलोभर, किंवा त्याहूनही थोडे कमी भरते. आणि ज्यांना मोठे कुंडे लागतातच अशा वेलभाज्या भिंतीलगत, खांबापाशी लावून त्यांचा वेल सुतळीवरून कठड्याकडे किंवा जाळीवर न्यावा. मुळे सावलीत, शेंडा उन्हात. वेलांना हे मानवते, कारण रानातही झाडाच्या बुंध्याशी उगवून ते असेच उजेडाकडे चढतात.

खिडकीबाहेर काढलेल्या लोखंडी पिंजऱ्याचा तर वेगळाच प्रश्न आहे. तो कुंड्यांसाठी बनवलेला नसतो. चार खिळ्यांवर लोंबणाऱ्या जाळीत शंभर किलो ओली माती ठेवणे हे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय. कठड्याच्या वर किंवा बाहेर एकही कुंडी नको. आग लागल्यास ज्या खिडकीतून बाहेर पडता येईल, तिची वाट कुंड्यांनी अडवू नये, हेही ओघाने आलेच.

पाईप, पन्हळ आणि पिशवी

घरी करण्याजोग्या रचनांत सर्वांत सुटसुटीत म्हणजे आडवे पाईप. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ११० मिलिमीटर, म्हणजे बोलीभाषेतला चार इंची पाईप मीटरमागे आठ-साडेआठ लिटर मिश्रण धरतो. दोन्ही टोकांना टोपणे, वरच्या अंगाला वीतभर अंतरावर दोन-अडीच इंची छिद्रे, तळाला निचऱ्यासाठी बारीक भोके. सव्वा मीटरचे असे चार पाईप एका बांबूच्या किंवा लोखंडी शिडीवर फूट-सव्वा फुटाच्या अंतराने बसवले, तर चाळीसेक लिटर मिश्रण होते आणि सारा डोलारा ५० किलोंच्या आसपास राहतो. शिडी सरळ उभी न करता भिंतीकडे किंचित कलती ठेवावी, म्हणजे वरच्या पाईपची सावली खालच्यावर पडत नाही.

पाईप नवा घ्यावा. आपल्याकडे पीव्हीसी पाईपच्या निर्मितीत शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. भंगारातला जुना पाईप भाजीसाठी वापरण्यात म्हणूनच शहाणपण नाही. कीटकनाशकाचे डबे आणि मोटारीचे टायरही याच कारणाने बाद. पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या चालतात, परंतु पारदर्शक बाटलीत प्रकाश शिरून शेवाळ धरते आणि मुळांना उजेड सोसत नाही. बाटलीला बाहेरून रंग द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावे. उन्हाने हे प्लॅस्टिक एक-दोन वर्षांत ठिसूळ होते, ही अपेक्षा ठेवूनच ते वापरावे.

उभा पाईप दिसायला आकर्षक असतो आणि फसवतो. सहा इंची पाईप मीटरमागे अठरा लिटर धरतो, सभोवती छिद्रे पाडून पंधरा-वीस रोपे बसतात. पण पाणी वरून घातले की सरळ तळाशी जाते. वरची रोपे सुकतात, खालची कुजतात. त्यासाठी मधोमध अर्ध्या इंचाची, तळाशी बंद असलेली नळी उभी करावी आणि तिला वरच्या भागात जास्त, खालच्या भागात कमी बारीक भोके पाडावीत. पाणी नळीत ओतायचे. एवढे करूनही वरचा भाग कोरडा आणि खालचा ओला राहणारच, म्हणून लागवडच तशी करावी : वर पानओवा आणि तुळस, मध्ये माठ-पालक, तळाशी पुदिना. खताचा अंशही पाण्याबरोबर खाली उतरतो, त्यामुळे सर्वांत खालचे रोप नेहमी धष्टपुष्ट दिसते.

कोकणातील घरांत मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि कर्दळ लावण्याची पद्धत होती. तीच युक्ती इथे उपयोगी पडते. शिडीच्या पायथ्याशी अळूचे एक रुंद घमेले ठेवावे. वरच्या पाईपांतून ठिबकणारे पाणी त्यात पडते, खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी भांडण टळते आणि फदफद्याची सोय होते. अळूला ओल आणि सावली दोन्ही प्रिय.

डॉ. दोशींच्या पद्धतीतील चिपाडे आजही कोपऱ्यावरच्या रसवंतीगृहात फुकट मिळतात. ती दोन-तीन आठवडे शेणपाण्यात भिजवून, पिशवीत तीन हिस्से भरून वर एक हिस्सा खत-माती घातली की वेलभाजीसाठी हलके कुंडे तयार होते. ती कुजत जातात तशी पातळी खाली बसते. वरून भर घालत राहावे. ताज्या, न भिजवलेल्या चिपाडांना मात्र मुंग्या येतात.

काय लावावे

नवख्याने मेथीपासून सुरुवात करावी. मुंबईकरांच्या ओळखीची समुद्रमेथी, मुळांसकट आणि वाळूच्या कणांसकट इवल्या जुड्यांत मिळते, ती दुसरे-तिसरे काही नसून साध्या मेथीची कोवळी रोपे असतात. अर्धा चिरलेला पाईप किंवा पावसाळी पन्हळ घेऊन त्यात दीड-दोन इंच वाळू-खताचे मिश्रण भरावे, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पेरावेत; दहा-बारा दिवसांत काढणी. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवण्याची ज्यांच्या घरी रीत आहे त्यांना या विद्येचे धडे नव्याने द्यायला नकोत. मोठ्या पानांची मेथी हवी असेल तर चार इंच खोली आणि तीन-चार आठवडे लागतात.

कोथिंबीर वाटते तितकी सोपी नाही. धणे रगडून त्यांच्या दोन फाका कराव्या लागतात, भिजवून पेरले तरी उगवायला आठ-दहा दिवस घेतात, आणि उन्हाळ्यात रोप पाने धरण्याआधीच तुऱ्यावर येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. वाण्याकडचे भाजलेले किंवा फार जुने धणे उगवत नाहीत. चैत्र-वैशाखात कोथिंबीर विकतच आणावी, त्यात कमीपणा नाही.

माठ, राजगिरा आणि चवळी उष्णतेलाही दाद देत नाहीत, २५-३० दिवसांत काढणीस येतात आणि वरून खुडले तर पुन्हा फुटतात. पालक, चाकवत, आंबटचुका, शेपू यांना थंडी हवी. पुदिन्याला बी नको. बाजारातल्या जुडीतील जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळे फुटतात. तो इतर रोपांना दाबून टाकतो म्हणून त्याला स्वतंत्र पाईप द्यावा. गवती चहा आणि कढीपत्ता यांना मुळांसाठी खोल जागा लागते. त्यांना उभ्या रचनेत कोंबू नये, भिंतीशी एक-एक कुंडी पुरे.

उभ्या बागेची खरी राणी मात्र मायाळू. वेल मुळातच चढणारा, अर्ध्या उन्हावर समाधानी, काडीपासून लागणारा आणि पावसाळ्यात इतर पालेभाज्या कुजत असताना हिरवागार राहणारा. पानांची भजी, डाळभाजी, देठांची भाजी असे सारे होते. तरीही मायाळूचे स्थान आपल्या गॅलऱ्यांत मनीप्लांटने बळकावले आहे!

वेलभाज्यांत कारली, काकडी, दोडकी, घोसाळी, पडवळ यांना प्रत्येकी निदान वीस लिटरचे कुंडे आणि भरपूर ऊन लागते. त्यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात; मादी फुलामागे इवलेसे फळ दिसते. सहाव्या-सातव्या मजल्यावर मधमाश्या क्वचित फिरकतात. फुले खूप आणि फळ एकही नाही, अशी तक्रार ऐकू येते ती यामुळेच. नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलावर टेकवावा. वेळ पाळावी लागते : कारली, काकडी आणि घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात; दोडका, पडवळ आणि दुधी यांची संध्याकाळनंतर. ज्यांना हा उपद्व्याप नको त्यांनी तोंडली लावावी. तिची लागवडीतली मादी वेलाची काडी परागीभवनाशिवायही फळ धरते, आणि वेल वर्षानुवर्षे टिकतो. घेवडा, पावटा आणि टोमॅटो यांच्या एकाच फुलात दोन्ही अंगे असतात. टोमॅटोच्या फुलांच्या घोसाला बोटाने हलकी टिचकी मारली तरी पुरते.

पाणी, डास आणि कबुतरे

थोड्या मिश्रणात वाढणाऱ्या रोपाला साठा नसतो. जमिनीतले झाड चार दिवस तहान काढील, पाईपमधले रोप एप्रिलमध्ये एका दुपारीही माना टाकते. उन्हाळ्यात दोन वेळा, एरवी एकदा, पावसाळ्यात बोट घालून पाहून पाणी द्यावे. सुटीत गावी जाणाऱ्यांनी बागेची जबाबदारी शेजाऱ्यांवर सोपवावी किंवा त्या काळापुरती बाग रिकामीच ठेवावी. डाळ-तांदळाचे धुवण ताजे असेल तर उत्तम. वातानुकूलन यंत्राचे पाणी क्षारहीन असते, तेही चालते. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र क्षारांनी भरलेले असते. नित्य वापरल्यास पाईपच्या काठावर पांढरी खपली धरते आणि पानांच्या कडा करपतात. कोकोपीटही वापरण्यापूर्वी दोन-तीनदा धुऊन घ्यावे, कारण त्यातही मुळात मीठ असते.

कुंड्यांखालच्या ताटल्या हा डेंगीचा कारखाना. या रोगाचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. ताटल्या आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या कराव्यात, अळूच्या घमेल्यातही पाणी वर तरंगू देऊ नये. महापालिकेचे कर्मचारी तपासणीला येतात तेव्हा त्यांना दारातून परतवणारे सुशिक्षितच अधिक असतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

मावा आणि पिठ्या ढेकूण दिसताच कडुनिंबाचे तेल लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर, सोबत चिमूटभर साबण, असे संध्याकाळी फवारावे. काकडीवर्गीय वेलांवर पावसाळ्यात केवडा आणि थंडीत भुरी येते. रोगट पाने लगेच काढणे एवढाच घरगुती इलाज. खरा शत्रू कबुतरे. कोवळे अंकुर उपटणे आणि पाईपात घरटे मांडणे हा त्यांचा आवडता उद्योग आहे. नायलॉनची बारीक जाळी लावण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांची विष्ठा खत म्हणून वापरू नये. तिच्या धुळीने फुप्फुसांचा आजार जडू शकतो.

पदरात काय पडते?

मीटरभर पाईपातून दर खेपेस माठ-मेथीची फार तर एक जुडी निघते. वर सांगितलेली चार पाईपांची शिडी व्यवस्थित चालली तर महिन्याला चार-पाच जुड्या. चौघांच्या घरात आठवड्याला दोन पालेभाज्या होत असतील, तर निम्मी गरज भागली. पुदिना, पानओवा, गवती चहा, कढीपत्ता आणि अळू मात्र वर्षाचे बाराही महिने विकत आणावे लागत नाहीत. निव्वळ पैशांचा हिशेब मांडल्यास शिडी आणि पाईपांचा खर्च वसूल व्हायला काही हंगाम जातात. महागडी तयार चौकट घेतली तर तो वसूल होईलच असे नाही. म्हणूनच पहिल्या वर्षी दोन पाईप आणि एक कुंडा यांहून अधिक काही घेऊ नये. सर्व पाईपांत एकदम पेरणी करण्याऐवजी आठवड्याच्या अंतराने एकेक पेरला, तर काढणीही आठवड्याला एक अशी सुरू राहते.

सुरुवात पावसाळ्यात करण्याचा मोह टाळावा. जून-जुलैमध्ये ढगांमुळे ऊन नसते, वारा टांगलेल्या वस्तू हेलकावतो आणि दाट पेरणी मुळाशी कुजते. या दिवसांत वरचे दोन पाईप उतरवून ठेवावेत, मायाळू आणि अळू तेवढे राहू द्यावेत, खिळे-तारा तपासून घ्याव्यात. भाद्रपद संपता संपता पाऊस ओसरतो, दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पुन्हा आत येऊ लागते. तोवर स्वयंपाकघरातल्या सालपटांचे खत झाकणाच्या बादलीत तयार होऊ द्यावे. ओल्या कचऱ्यावर दर वेळी सुक्या पानांचा थर दिला तर वास येत नाही आणि दीड-दोन महिन्यांत ते वापरण्याजोगे होते. घटस्थापनेच्या सुमारास पहिली मेथी पेरली, तर दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत तिची जुडी हाती येते, आणि कोथिंबीर दिवाळीच्या फराळानंतरच्या साध्या जेवणाला सापडते.